नकलेवरून काढलेली किल्ली

माझ्या मामाचं दुकान म्हणजे एका रुंद दाराचे केलेले दोन वाटे. डाव्या वाट्यात तो किल्ल्या करतो आणि कुलपं दुरुस्त करतो. उजव्या वाट्यात मी शिलाई मशीन घेऊन बसते, लोकांच्या पँटी आखूड करते, झिपा बदलते आणि सुटलेल्या पोटांसाठी शिवणी उसवून देते. मधे एक पडदा आहे. तो मीच शिवलाय, पण त्याचा उपयोग शून्य, कारण दोघांनाही पलीकडचं सगळं ऐकू येतं आणि दोघांनाही मधे तोंड घातल्याशिवाय राहवत नाही. मी त्याला मामा म्हणते म्हणून गिऱ्हाइकंही मामा म्हणायला लागली. आता तर त्याच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा 'मामा आहेत का?' म्हणून डोकावतात.

त्याच्यावर लिहायचं मनात आलं तेव्हा मामी म्हणाली, "चांगलं लिही हो, उगाच तिखटमीठ लावू नकोस." मामा मात्र कानस खाली ठेवून म्हणाला, "टायपिंगबाईंच्या किल्लीचं लिहिणार असशील तर लिही. नाहीतर लिहूच नकोस." तेव्हा हे त्या किल्लीचं आहे.

आमच्या भागात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी एक मंडळ काम करतं. मंडळ म्हणजे कुणी फार मोठं नाही. नोकरीतून सुटलेली, घरात करमत नसलेली, कुणाच्या तरी उपयोगी पडावं असं वाटणारी माणसं. रोज सकाळी प्रत्येकाने आपापल्या वाट्याची दारं ठोठावायची, आतलं माणूस उठलंय ना बघायचं, पाव-दूध-औषध पोचवायचं, दोन शब्द बोलायचे. आणि एक नियम असा, की प्रत्येक घरची एक जादा किल्ली त्या घरी जाणाऱ्याच्या जुडग्यात असायची. एखाद्या सकाळी दार उघडलंच नाही तर बाहेर उभं राहून हाका मारत बसायला नको.

मंडळ चालतं ते बाजारपेठेच्या जिवावर. पाव बेकरीवाला देतो, औषधवाला भाव कमी लावतो, सायकलवाला पंक्चरचे पैसे घेत नाही, आणि किल्ल्या माझा मामा फुकट करून देतो. नुसत्या किल्ल्याच नाहीत, खिळखिळ्या कड्या आणि न लागणारे बोल्टसुद्धा. शिवाय दुकानापुढचं बाकडं मंडळाचंच. सकाळी फेरीला निघण्याआधी सगळे तिथे जमतात आणि मामी वरच्या खोलीतून चहा पाठवते. मंडळाच्या कचेरीत भिंतीवर 'आमचे आधारस्तंभ' अशी पाटी आहे, तिच्यावर आमच्या दुकानाचं नाव अगदी वर. "आधारस्तंभाला घरचा गळका नळ बघायला सवड नाही," असं मामी येताजाता ऐकवते.

मामाला चांगलं म्हणवून घ्यायला आवडतं, हे मी त्याच्या तोंडावर सांगते. ते कुणाला आवडत नाही? आणि त्यात धंदाही होता. मंडळाचं नाव काढत गिऱ्हाइकं यायची. 'एवढं फुकट करणारा माणूस आपल्याला काय फसवणार' असं म्हणत लोक घरातली सगळी कुलपं बदलून घ्यायचे. मामा त्यांना फसवत नव्हताच. त्यांच्या किल्ल्या तो डोळ्यांत तेल घालून करायचा.

बाकड्यावर सगळ्यात आधी येऊन बसायचे ते कंडक्टरकाका. उभा जन्म बसमध्ये गेला, त्यामुळे जमिनीवरही ते पाय फाकवून, आत्ता कुणीतरी ब्रेक मारणार अशा बेताने उभे राहतात. बायको गेलेली, मूलबाळ नाही. जुनी तिकिटांची कातडी पिशवी अजून खांद्याला, आणि तिच्यात आता तिकिटांऐवजी किल्ल्यांचं जुडगं. बाकड्यावर दाटी झाली की सवयीने म्हणायचे, "पुढे सरका, पुढे जागा आहे!" पुढे जागा नसायची, पुढे गटार होतं. सगळे हसायचे. त्यांचे हात थोडे थरथरायचे. कपातला चहा बशीत यायचा आणि बशीतला पँटवर. त्या पँटी मी धुऊन इस्त्री करून द्यायचे, आणि ते दर वेळी मला 'हाफ तिकीट' म्हणून चिडवायचे. मी चाळिशी ओलांडली आहे.

त्यांच्या वाट्याच्या घरांतलं शेवटचं घर टायपिंगबाईंचं. बाईंनी हयातभर टायपिंगचा वर्ग चालवला. भागातल्या निम्म्या कारकुनांची बोटं त्यांनी पट्टीने सरळ केली आहेत. एक चूक झाली की खोडायला परवानगी नाही, सगळं पान नव्याने. बाईंचा कंडक्टरकाकांवर जीव होता, पण दाखवतील तर शपथ. "आज चार मिनिटं उशीर," म्हणून दार उघडायच्या आणि आत चहा तयार असायचा. रोज दार त्याच उघडायच्या, त्यामुळे काकांच्या जुडग्यातली त्यांची किल्ली एकदाही वापरली गेली नव्हती.

त्या दिवशी बाईंनी दार उघडलं नाही. काकांनी हाक मारली तेव्हा आतून, स्वयंपाकघराकडून, बारीक आवाज आला, "पडलेय मी." काकांनी किल्ली काढली, घातली. ती गेली आत, पण फिरेना. मागे-पुढे केली, वर उचलून पाहिली. बाई आतून विचारत होत्या, "काय झालं? उघडत का नाही?" काकांनी जोर लावला आणि किल्ली मोडली. अर्धी हातात, अर्धी कुलपात. आता खरी किल्ली आणली असती तरी दार उघडणार नव्हतं.

शेजाऱ्यांचा फोन आला तसा मामा हत्यारांची पिशवी घेऊन सायकलवर निघाला. मी दुकान अर्धं ओढून मागून पळाले. जिन्यात गर्दी. मामाने सगळ्यांना बाजूला केलं, गुडघ्यावर बसला, बारीक आकडा घालून तुकडा बाहेर काढला आणि कुलूप उघडलं. बाई स्वयंपाकघरात नव्हत्या. दार उघडत नाही म्हटल्यावर त्या फरशीवरून सरपटत निघाल्या होत्या आणि मधल्या खोलीत येऊन थांबल्या होत्या, सांडलेल्या पाण्याने पाठीपर्यंत भिजलेल्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टर नंतर म्हणाले, पडल्या तिथेच राहिल्या असत्या तर काम सोपं होतं, सरपटण्यात हाड सरकलं.

बाईंना नेलं आणि जिन्यातले लोक मामाच्या पाठीवर थापा मारायला लागले. "मामा होते म्हणून बाई वाचल्या!" मामाने मान हलवली. मला वाटलं, दमलाय. कंडक्टरकाका भिंतीला टेकून उभे होते, किल्लीचा डोक्याकडचा अर्धा भाग मुठीत. प्रत्येकाला एकच सांगत होते, "माझ्या हातून मोडली. माझ्या हातून." आणि लोक त्यांच्या हातांकडे बघत होते.

पुढे झालं ते फार गोड बोलून झालं. मंडळाच्या अध्यक्षबाई बाकड्यावर काकांच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "काका, तुम्ही खूप केलंत. आता थोडी विश्रांती घ्या." काकांनी पिशवीतून जुडगं काढून त्यांच्या हातात दिलं. दुसऱ्या दिवसापासून ते बाकड्यावर यायचे बंद झाले.

मामाचं काहीतरी बिनसलं होतं. पानावर बसायचा आणि उठायचा. मामी म्हणाली, "अहो, तुम्ही तर सोडवलंत त्यांना. तुम्हाला का एवढं लागलंय?" यावर तो असा खेकसला की मामीने पुन्हा विचारलं नाही. मला मात्र बाजूला घेऊन म्हणाली, "खाई त्याला खवखवे. काय खाल्लंय ते बघ जरा."

बघायची वेळ आली नाही. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, मामाने पडदा बाजूला केला आणि माझ्या मशीनच्या फळीवर पितळेचा एक तुकडा ठेवला. बाईंच्या कुलपातून काढलेला. तो त्याने खिशात टाकला होता आणि कुणी मागितलाही नव्हता.

"ही माझी आहे," तो म्हणाला.

"तुझीच असणार. मंडळाच्या सगळ्या तूच करतोस."

"तसं नाही गं. ही चुकीची आहे."

मग त्याने सांगितलं. किल्लीच्या यंत्राला दोन पकडी असतात. एकीत नमुन्याची किल्ली, दुसरीत कोरी. एक बोट नमुन्याच्या खाचांवरून चालतं आणि त्याच चालीने चाक कोऱ्या किल्लीला कापत जातं. नक्कल कितीही चांगली काढा, केसभर इकडेतिकडे होतंच. कुलूप तेवढं चालवून घेतं. पण त्या नकलेवरून पुन्हा नक्कल काढली की केसाला केस जोडला जातो, आणि मग किल्ली आत जाते पण फिरत नाही. माझ्या आजोबांनी मामाला धंदा शिकवताना पहिलं हेच शिकवलं होतं. नेहमी मूळ किल्लीवरून काढायची, आणि कुलपात फिरवून पाहिल्याशिवाय काम हातावेगळं झालं म्हणायचं नाही.

"बाईंनी नमुना म्हणून पाठवलेली नक्कल होती," मामा म्हणाला. "कुठेतरी रस्त्यावर काढून घेतलेली. हातात घेतल्याबरोबर मला कळलं. मूळ मागवायला पाहिजे होती. बाईंचं घर दोन गल्ल्या सोडून तर आहे! जाऊन फिरवून बघायला काय झालं होतं? पण त्या दिवशी लॉजवाल्यांचं मोठं काम होतं, सगळ्या खोल्यांचं. त्यांची एकेक किल्ली मी तिथे जाऊन फिरवून पाहिली. आणि ही घेतली, लावली, काढली, दिली टाकून. म्हटलं, मंडळाचंच तर आहे."

माझ्या डोळ्यांपुढे काका उभे होते, भिंतीला टेकलेले.

"मंडळाचंच तर आहे, असं म्हटलं मी," मामा पुन्हा म्हणाला. "मोठ्याने म्हटलं असेन. ऐकलं नाहीस?"

"नाही."

"मी ऐकलं होतं."

माझा राग नाकावर असतो. मी म्हटलं, "चोर सोडून संन्याशाला फाशी झाली आणि तू इथे मशीनवर तुकडे मांडतोयस? जा आणि सांग!" तो 'सांगतो' म्हणाला. सांगितलं नाही. मंडळाची सभा तोंडावर आली होती आणि तिथे प्रसंगावधान दाखवल्याबद्दल मामाचाच सत्कार ठरला होता, तेव्हा कुठे त्याला राहवेना. मला म्हणाला, "तू चल बरोबर. तू असलीस म्हणजे मला मधेच पळता येणार नाही."

अध्यक्षबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. वाईट बाई नाही ती. मंडळ तिने शून्यातून उभं केलंय. ती म्हणाली, "मामा, तुम्ही येऊन सांगितलंत यातच तुमचा मोठेपणा आला. पण हे इथेच राहू द्या."

"आणि कंडक्टरकाका?"

"त्यांचे हात थरथरतात की नाही? आज ना उद्या ते थांबणारच होते. मामा, म्हातारी माणसं आपल्या घराची किल्ली परक्याच्या हातात देतात ती कुणाच्या भरवशावर? तुमच्या. उद्या कळलं की मंडळाच्या किल्ल्या चालत नाहीत, तर एकही दार आपल्याला उघडं राहणार नाही. यापुढे काळजी घ्या म्हणजे झालं. सत्कार ठरल्याप्रमाणे होईल."

बाहेर आलो. मला तर अध्यक्षबाईंचा असा संताप आला होता की त्यांचा ब्लाउज शिवायला आलेला होता तो तसाच परत करावा. पण मामाचा चेहरा पाहिला आणि राग बाजूला राहिला. तो रडवेला झाला होता.

"मला बरं वाटलं गं," तो म्हणाला. "त्या नको म्हणाल्या आणि मला हायसं वाटलं. किती हलकट माणूस आहे मी."

त्याला 'नाही रे' म्हणावं असं मला वाटलं, पण म्हटलं नाही, कारण त्या क्षणी तो थोडा हलकट होताच. आम्ही दुकानात आलो आणि आपापल्या वाट्यात जाऊन बसलो.

आणि तो तसाच राहिलाही असता. माणूस कशाचीही सवय करून घेतो. पण सभेच्या आदल्या दिवशी कंडक्टरकाका दुकानात आले.

मी आधी ओळखलंच नाही. दाढी वाढलेली. हा माणूस रोज सकाळी गुळगुळीत दाढी करून यायचा. मी विचारलं तर म्हणाले, "वस्तरा धरवत नाही आता. भीती वाटते." डाव्या हाताने उजवा हात धरून ठेवला होता, एखादं वांड पोर धरावं तसा. बाकड्यावर न बसता ते थेट मामाच्या फळीपाशी गेले आणि एक किल्ली पुढे ठेवली.

"हिची एक जादा करून द्या मामा. माझ्या घरची आहे."

"हरवली का?" मामाने विचारलं.

"छे. मंडळात द्यायची आहे. मीही एकटाच राहतो की. आता माझ्याकडेच कुणीतरी यायला पाहिजे सकाळी." ते हसले. "डॉक्टरकडे जाऊन आलो. ते म्हणतात, वयाचं आहे, एवढं काही नाही. पण त्यांना काय माहीत, या हातांनी काय केलंय. सायकल देऊन टाकली. गॅससुद्धा पेटवताना दोनदा विचार करतो. तुम्ही काही मनावर घेऊ नका, किल्ली तेवढी करून द्या. मूळ आहे, नक्कल नाही. तुम्ही मागे म्हणाला होतात ना, मुळावरून चांगली निघते."

मामाने किल्ली पकडीत लावली. शेजारी कोरी लावली. यंत्राचं बटण दाबलं, चाक फिरायला लागलं, आणि तो नुसता फिरणाऱ्या चाकाकडे बघत बसला. मी पडद्याआडून उठले. त्याने बटण बंद केलं.

"काका, तुमच्या हातांना काही झालेलं नाही."

"असं तुम्ही म्हणता."

"किल्ली चुकीची होती. मी चुकीची केली होती. नकलेवरून काढली, फिरवून पाहिली नाही. कुणाच्याही हातात मोडली असती. पैलवानाच्या हातात मोडली असती. मला त्याच सकाळी कळलं होतं." आणि त्याने खण उघडून तुकडा काढला आणि फळीवर ठेवला.

काकांनी तुकडा उचलला. उजेडात धरला. मला काय दिसणार होतं त्यात, आणि त्यांना तरी काय? मला वाटलं, आता शिव्या घालतील. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"त्याच सकाळी कळलं होतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मी तिथेच उभा होतो, मामा."

"हो."

काकांनी तुकडा खाली ठेवला. "बाईंना स्ट्रेचरवर घातलं तेव्हा मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, बाई, माझ्या हातून मोडली. त्या एवढ्या कळा सोसत होत्या, तरी म्हणाल्या, असू दे. तेवढ्या दोन शब्दांवर मी हे दिवस काढले. आणि ते माझे नव्हतेच. मला माफी कशाची? माझं काही चुकलंच नव्हतं." त्यांचा आवाज चढला. "तुमच्या वाट्याची माफी मी खाऊन बसलोय! चला, उठा. त्यांना सांगा. मग त्या तुम्हाला देतात का बघू."

मामा उठला. मी दुकान ओढलं.

दवाखान्यात बाई पाठीला उशी लावून बसल्या होत्या. काकांना बघून म्हणाल्या, "दाढी करा." मग मामाकडे बघितलं. मामाने सगळं सांगितलं, लॉजवाल्यांच्या किल्ल्यांसकट. 'मंडळाचंच तर आहे' हेही सांगितलं. तो कशालाही पांघरूण घालत नव्हता, हे मी त्याच्या बाजूने एवढंच म्हणेन.

बाईंनी मधे एकदाही टोकलं नाही. संपल्यावर त्या काकांना म्हणाल्या, "त्या दिवशी मी तुम्हाला असू दे म्हटलं, ते मागे घेते. तुमची चूकच नव्हती." मग मामाला म्हणाल्या, "मी पैसे पाठवले होते, आठवतं?"

मामाने खाली बघितलं.

"कंडक्टरांच्या हातीच पाठवले होते, पाकिटात घालून. तुम्ही परत केलेत. निरोप दिलात, मंडळाच्या कामाचे पैसे मी घेत नाही. मला किती बरं वाटलं होतं. आता सांगा, घेतले असतेत तर मूळ किल्ली मागवली असतीत?"

"हो," मामा म्हणाला.

"फिरवून पाहिली असतीत?"

"हो."

"मग मी फुकट कुठे मागितली होती? धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात, म्हणून मी मोजले नाहीत. दार उघडत नाही म्हटल्यावर मला काय वाटलं माहीत आहे? वाटलं, या बिचाऱ्याचे हात चालत नाहीत, आता आपणच गेलं पाहिजे." त्यांनी चादर गुडघ्यावर ओढून घेतली. "तुम्ही जा आता. कंडक्टर बसतील."

दवाखान्याच्या जिन्यात मामा पायरीवर बसला आणि रडला. मी शेजारी बसले. येणारे-जाणारे आम्हाला वळसा घालून जात होते, आणि आमचं कुणीतरी गेलं असावं अशा समजुतीने एका बाईने मला पाणीसुद्धा आणून दिलं.

दुसऱ्या दिवशीच्या सभेत मामाने सत्काराचा गुच्छ घेतला नाही. उभा राहिला आणि चार वाक्यांत सांगून मोकळा झाला. त्याला भाषण येत नाही, ते एक बरं. अध्यक्षबाईंनी पुढे कितीतरी दिवस आमच्याशी अबोला धरला. काही लोकांनी आपल्या किल्ल्या परत मागितल्या, काही म्हणाले, "माणूस आहे, चुकायचंच," आणि काही जे म्हणाले ते मी इथे लिहीत नाही. काकांना त्यांचं जुडगं परत मिळालं. मग ते आणि मामा मंडळाच्या प्रत्येक घरी गेले आणि एकेक किल्ली दारात फिरवून पाहिली. आणखी काही फिरल्या नाहीत. किती, ते मामाने मला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. तेव्हापासून तो मंडळाकडून इतर गिऱ्हाइकांइतकेच पैसे घेतो. पाटीवरून दुकानाचं नाव निघालं. बाजारात म्हणतात, मामा आता चिकट झाला.

बाई घरी आल्या तेव्हा वॉकर धरून चालत होत्या. आल्या आल्या त्यांनी काकांबरोबर निरोप पाठवला, दाराचं कुलूप नवं बसवायचं आहे. मामा गेला, मी पडदे मापायच्या निमित्ताने बरोबर गेले. मामाने जुनं कुलूप काढलं, नवं बसवलं, मूळ किल्लीवरून काकांसाठी जागेवरच कानशीने दुसरी घासून काढली. कितीदा फिरवून पाहिली याला गणती नाही. शेवटी बाई म्हणाल्या, "पुरे. कंडक्टर, तुम्ही बाहेर जा. मी आतून लावून घेते, तुम्ही उघडा." मग मामाकडे वळल्या. "तुम्ही असं करा, आत स्वयंपाकघरात जाऊन उभे राहा. ओट्यापाशी. मी तिथे पडले होते."

मामा गेला आणि उभा राहिला. मी मधल्या खोलीत होते, मला दोन्हीकडचं दिसत होतं. दार बंद झालं. बाहेर जुडगं वाजलं. किल्ली आत सरकल्याचा आवाज आला, मग थोडा वेळ काहीच नाही. काका थरथरत्या हाताने नेम धरत असणार. मामा ओट्याला धरून उभा होता आणि त्याचे डोळे दारावर होते. कुलूप फिरलं, दार उघडलं, काका पाय फाकवून उंबऱ्यात उभे. "पुढे सरका," ते म्हणाले, पण कुणी हसलं नाही.

बाईंनी कपाटातून पैसे काढले. "किती झाले?"

मामाने आकडा सांगितला, कुलपाचे आणि किल्लीचे आणि बसवायचे. बाईंनी त्याच्या तळहातावर ते पूर्ण ठेवले आणि वॉकर वळवला. मामाने आयुष्यात हजारो लोकांकडून पैसे घेतले असतील, पण अशी मान खाली घालून घेतलेले मी कधी पाहिले नव्हते. त्याने हत्यारं पिशवीत भरली. पिशवी बांधली. बांधलेली पुन्हा सोडली आणि बांधली. मला कळत होतं तो कशासाठी थांबलाय. दोनच शब्द. काकांना ते काही न करता मिळाले होते.

बाईंनी मागे वळून पाहिलं. "काही राहिलं का?"

"नाही," मामा म्हणाला, आणि आम्ही जिना उतरलो.